मुलांना अहिंसा शिकवणारं मालवणकडचं पाच दिवसांचं शिबिर, आमचा अनुभव

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतेय, आज बसलेच. सुट्टीत आमच्या मुलाला मालवणच्या जवळच एका वाडीत पाच दिवसांच्या शिबिराला घातलं होतं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, फी १८०० रुपये जेवणासकट, वय ८ ते १४. दोन रिटायर शिक्षक चालवतात, एक बाई नि एक सर. बोर्ड नाही, जाहिरात नाही, आणि आधी गावातल्या मुलांना जागा द्यायची असते म्हणून नाव कुठे टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, तेव्हा ज्यांना खरंच पाठवायचंय त्यांनी मला मेसेज करा, नंबर देते. माझ्याकडून पाचपैकी चार.

आधी का पाठवलं ते सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. मुलगा सहावीत. ऑगस्टमध्ये शाळेच्या पायऱ्यांवर त्याने एका मुलाला ढकललं आणि त्या मुलाचं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. आम्हाला शाळेत बोलावलं. तिथे एका शिक्षकांनी माझ्यासमोर याच्या हातावर पट्टीचे दोन फटके दिले, आणि घरी आल्यावर राहिलेलं मी पूर्ण केलं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे, त्याच्या १७व्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, हे मला तेव्हा माहीत होतं तरी मी तिथे गप्प बसले कारण चूक आपल्या मुलाची होती. आणि घरात तर कुठला कायदा बघायला येतो. मारता मारता मी त्याला म्हणत होते की परत कुणाला मारशील का. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला माझ्याकडे. ते बघणं मला नंतर खूप दिवस झोपू देत नव्हतं.

तर शिबिर. कौलारू घर, पुढे मोठं सारवलेलं खळं, भातकापणी नुकतीच झालेली त्यामुळे बाजूला गवताची उडवी, मागे माड. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात-आमटी-भाजी, एक दिवस बांगड्याचं तिखलं. हो, अहिंसेच्या शिबिरात मासे होते, त्यावर खाली लिहितेय. रोज पालकांना मदतीला थांबता येतं, मी दोन दिवस थांबले, म्हणून हे ऐकीव नाही.

सुरुवात रोज पंधरा मिनिटं गप्प बसून. मला वाटलं होतं बावीस पोरं पंधरा मिनिटं गप्प बसणं शक्यच नाही, आणि पहिल्या दिवशी बसली नाहीतच म्हणे, पण चौथ्या दिवशी मी होते तेव्हा फक्त माडाच्या झावळांचा आवाज येत होता. त्यानंतर प्रत्येकाला एक वही, तिला ते आरसावही म्हणतात. पानावर चार रकाने: काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवं होतं, आता काय करता येईल. पहिल्या रकान्यात फक्त घडलं तेच लिहायचं, "तो नेहमी मला चिडवतो" असं लिहायचं नाही, "काल मधल्या सुट्टीत तो मला ढेकूळ म्हणाला" असं लिहायचं. ऐकायला सोपं आहे पण घरी करून बघा, मला स्वतःला तीन दिवस जमलं नाही, माझ्या प्रत्येक वाक्यात "नेहमी" आणि "मुद्दाम" यायचं. सरांनी सांगितलं की मार्शल रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भांडण न वाढवता बोलायची एक पद्धत बसवली, तिच्यात निरीक्षण, भावना, गरज आणि विनंती अशा चार पायऱ्या आहेत, त्यावरून हे रकाने घेतलेत. वही कोणी वाचायची नाही, बाईंनीही नाही, आईबापांनी तर नाहीच.

मग पेच. म्हणजे एखादी अशी गोष्ट की जिचं उत्तर पटकन देता येत नाही. खळ्यात रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, एक जुना दोर लांब टाकून ठेवतात, एक टोक म्हणजे हो, दुसरं टोक म्हणजे नाही, आणि ज्याला जे वाटतं त्याने दोरावर तिथे जाऊन उभं राहायचं. मध्ये कुठेही उभं राहिलं तरी चालतं, मत बदललं की सरकायचं, सरकलं म्हणून कुणी हसायचं नाही.

मी बघितलेला पेच असा. होडी समुद्रात आहे, जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव गुरफटलंय, जाळं कापलं तर कासव वाचेल, नाही कापलं तर गुदमरून मरेल. कापायचं का? वीस-एकवीस पोरं धावत "हो"च्या टोकाला. आमचा पण. दुसऱ्या टोकाला एकटी एक मुलगी, दहा वर्षांची असेल, गाबीत घरातली, बाप मासेमारीला जातो. बाईंनी विचारलं तू तिथे का गो. ती म्हणाली, "जाळ्याचे पैसे कोण देतलो?"

कुणी बोलेना. बाईंनी "हो"वाल्यांना विचारलं, बरं, तुम्ही प्रत्येकाने आपल्या खाऊच्या पैशातून किती द्याल? एक म्हणाला दहा रुपये, एक म्हणाला माझ्याकडे नाहीत, आणि मग हळूहळू पोरं दोरावरून मधल्या बाजूला सरकायला लागली, पाय घासत, एकमेकांकडे न बघता. ती मुलगी जागची हलली नाही. पण तीच नंतर म्हणाली की तिच्या बाबांनी एकदा खरंच जाळं कापलं होतं आणि त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोललं नाही. हे सांगताना ती रडत वगैरे नव्हती, आपण बाजारातला भाव सांगतो तसं सांगत होती. त्यानंतर कुठे बाईंनी सांगितलं की डिसेंबर २०१८ पासून वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून, संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई देतात, फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवावा लागतो. आता सांगा कोण कुठे उभं राहणार? पोरं परत पळाली. मग लगेच पुढचा प्रश्न, रात्र आहे, मोबाईलची बॅटरी संपलीय, फोटो नाही, म्हणजे पैसेही नाहीत आणि बघायलाही कोणी नाही, आता?

पाऊण तास चाललं हे. शेवटी उत्तर काय ते बाईंनी सांगितलंच नाही. माझ्या बाजूला दुसरे एक पालक बसले होते ते वैतागले, म्हणाले अहो मग पोरांनी शिकायचं काय? मला त्यांचं म्हणणं अर्धं पटलं. पण माझं असं झालं की आयुष्यभर समुद्राकाठी राहून मी कासव वाचवा म्हणताना त्या जाळ्याच्या पैशाचा विचार कधी केला नव्हता, तो एका दहा वर्षांच्या पोरीने करायला लावला, आणि बाईंनी आधीच उत्तर सांगून टाकलं असतं तर ती पोरगी काही बोललीच नसती. आणि सगळं असं मोकळं सोडतात असंही नाही. कुणावर हात उचलायचा नाही, कुणाच्या जातीवरून, रंगावरून, बापाच्या धंद्यावरून बोलायचं नाही, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगतात, त्याच्यावर दोर टाकत नाहीत.

सरांनी पालकांना मागची थोडी माहिती दिली तीही चांगली होती. लॉरेन्स कोलबर्ग म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, ते मुलांना एक गोष्ट सांगायचे, बायको मरायला टेकलीय, औषधवाला दहापट किंमत मागतोय, नवऱ्याने औषध चोरलं, बरोबर की चूक? कोलबर्गना हो किंवा नाही यापेक्षा मूल कारण काय देतं ते बघायचं असायचं, शिक्षा होईल म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, की आतून पटलंय म्हणून. पुढे कॅरल गिलिगन यांनी म्हटलं की नात्यांची काळजी घेऊन विचार करणाऱ्या मुली या मापात उगीच खाली पडतात. ही गोष्ट इथेही झाली, औषधवाला कणकवलीचा केला होता, आणि एक मुलगी म्हणाली की चोरी कशाला, गावात वर्गणी काढली नाय काय त्याने, देवळात सांगितल्यावर कोण नाही म्हणणार होतं? मला हे फार आवडलं. आपल्याकडे वाडीत कोणी आजारी पडला तर तसंच होतं की.

आता मासे. दुसऱ्या दिवशी शहरातून एक पाहुणे आले होते, प्राणायाम वगैरे घेतात, त्यांनी सरळ सांगितलं की मासे-मटण खाणारा अहिंसक होऊच शकत नाही. खळ्यात निम्मी पोरं मच्छीमारांची. त्या दिवशी दुपारी एक मुलगा ताटावर बसलाच नाही, उडवीच्या मागे जाऊन बसला. मला हे अजिबात आवडलं नाही आणि मी बाईंना तसं सांगितलं. ज्याच्या घरात जून-जुलैचे दोन महिने मासेमारी बंद असते तेव्हा उधारीवर भागवतात, त्याच्या पोराला तुझा बाप हिंसक म्हणणं ही काय कमी हिंसा आहे का? कोणी शाकाहारी असेल तर चांगलंच आहे, माझी सासू सोमवार-गुरुवार काटेकोर पाळते, पण ते ज्याचं त्याने ठरवायचं. बाईंनी ऐकून घेतलं, पाहुण्यांना पुढच्या दिवशी बोलावलं नाही आणि त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली, मोठ्या माणसाने लहान मुलाची, हात जोडून. तिसऱ्या दिवशी मुद्दाम बांगड्याचं तिखलं केलं आणि अंड्यावरची मादी जाळ्यात आली तर काय, बारीक पिल्लं आली तर परत सोडायची का, पावसाळ्यात बंदी का असते, यावर त्या मच्छीमारांच्या मुलांनाच बोलायला लावलं. सावरलं छान, पण मुळात पाहुण्यांना काय बोलायचं ते आधी विचारायला हवं होतं. एक स्टार याचाच कापलाय.

चौथ्या दिवशी शिरोड्याला नेलं, एसटीने. १९३० साली मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना दांडी माहीत असतं आणि वेंगुर्ल्याच्या बाजूचं शिरोडं माहीत नसतं. दिवाळीत मिठागरात मीठ नसतं, नुसते बांध आणि गढूळ पाणी, त्यामुळे निम्मी पोरं चिखलात खेळण्यातच रमली, मे महिन्यात न्यायला हवं. पण मूठभर मीठ उचललं म्हणून लाठी का खायची आणि परत का मारायचं नाही, हे तिथे बांधावर उभं राहून ऐकणं वेगळं पडतं. येताना एसटीत सरांनी अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगितली, ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात आणि ज्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितलं, तुरुंगात ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं असा नियम होता, तर अप्पांनी जेवण तोडलं, आणि ते कळल्यावर येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही उपोषण केलं.

इथे आमच्या पुढच्या सीटवरचा एक बारका उठून उभा राहिला, गाडी वळणावर, एक हात दांड्याला, आणि म्हणाला, "सर, मी मोबाईलासाठी जेवण सोडतंय, तो पण सत्याग्रहच काय?" अख्खी एसटी हसली, कंडक्टरसकट. सर हसले नाहीत. त्यांनी त्याला विचारलं की तू मागतोस ते कोणासाठी? अप्पा मागत होते ते काम वाट्याला आलं तर त्यांचं सुख वाढणार होतं की कष्ट? आणि तू उपाशी असतोस तेव्हा तुला आईला पटवायचं असतं की घाबरवायचं असतं? पोरगा बराच वेळ उभाच होता. मग म्हणाला घाबरवायचं, आणि बसला. मी त्याच्या आईला ओळखत नाही पण तिला हे कळायला हवं असं मला सारखं वाटत होतं.

शेवटच्या दिवशीचा पेच महाडचा होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि नंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, त्यावरून परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला, जेवायला बसलेल्यांना मारलं. आता तुमच्या बाजूने माणसं आहेत, राग आहे, हातात काठ्या येऊ शकतात, आणि निर्णय तुमचा. दोरावर सगळीकडे पोरं पसरली होती म्हणे, मोठी पोरं तर जोरजोरात भांडत होती. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना थोपवलं, मारणाऱ्यांवर खटले झाले, शिक्षा झाली, आणि तळ्याचा दावा पुढे १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकला. आमचा मुलगा घरी येऊन हेच दोन दिवस सांगत होता, त्याचं अडलं होतं ते दहा वर्षांवर, आई दहा वर्षं राग कुठे ठेवला असेल गो त्यांनी?

यातून एक गोष्ट मला जरा कमी वाटली. जो मारतो त्याच्यासाठी शिबिरात खूप आहे, जो रोज मार खातो त्याच्यासाठी त्या मानाने थोडं. अहिंसा म्हणजे गप्प सोसणं असं एखाद्या मऊ पोराने घरी नेलं तर ते धोक्याचं आहे. विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की त्यासाठी एक दुपार ठेवलेली, जोरात "नको" म्हणायचं, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं, एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, आणि १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा फुकट नंबर पोरांकडून पाठ करून घेतला. ते बरंच आहे, पण एक दुपार पुरत नाही. पालकांची बैठक पण फक्त तासभर, तीही शेवटच्या दिवशी, जेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई. खरं तर पाच दिवस आम्हालाच बसवायला हवं. ८ वर्षांचं नि १४ वर्षांचं मूल एकाच दोरावर उभं करणंही बरोबर नाही, बारकी पोरं मोठ्यांकडे बघून सरकतात हे मी डोळ्यांनी बघितलं. बाथरूम एकच आहे, मुलींची रांग लागते.

आता फरक पडला का. शिबिरानंतर आठवडाभराने मी त्याची वही वाचली. वाचायची नव्हती हे माहीत होतं, तो क्रिकेटला गेला होता, वही उशीखाली होती. पहिल्याच पानावर पायऱ्यांचं होतं. "काय घडलं" मध्ये होतं की त्याने माझ्या डब्याला हात लावला आणि सगळे हसले, मी ढकललं, आवाज आला. "मला काय वाटलं" मध्ये आधी राग लिहून खोडलं होतं आणि खाली लाज लिहिलं होतं. "मला काय हवं होतं" हा रकाना रिकामा. आणि दुसऱ्या पानावर मी होते, पट्टीचं नव्हतं, माझंच होतं, त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी तो आला नि त्याला कळलं, वही मी उलटी ठेवली होती. ओरडला नाही. नवीन पान काढून माझ्यापुढे ठेवलं, म्हणाला तू लिही आता. मी लिहिलं. चौथ्या रकान्यात लिहिलं की मी तुला परत मारणार नाही, आणि आजपर्यंत मारलेलं नाही, दोनदा हात वर गेला होता तो खाली आणला.

ज्याचं मनगट मोडलं त्या मुलाच्या घरी आम्ही तुळशीच्या लग्नाच्या आधी जाऊन आलो. मुलाने स्वतःच काढलं जायचं. मी चुरमुऱ्याचे लाडू नेले होते. तो मुलगा ओटीवर बसला होता, याने सॉरी म्हटलं, तो म्हणाला बॉलिंग टाकताना अजून दुखतं. बस, एवढंच. गळ्यात गळा वगैरे काही नाही. दोघं बराच वेळ मोबाईलवर क्रिकेटचा स्कोर बघत बसले, मी आणि त्याची आई आत चहा पीत होतो. त्याची आई म्हणाली तुम्ही ऑगस्टमध्येच यायला हवं होतं. खरं होतं, मी हो म्हणाले.

पाठवणार असाल तर दोन-तीन गोष्टी. ओडोमॉस द्या, खळ्यात संध्याकाळी डास फार. मोबाईल नेऊ देत नाहीत, आधीच सांगा पोराला. एक दिवस तरी स्वतः थांबा. पाच दिवसांत पोरगं साधूसंत होऊन येईल अशा अपेक्षेने पाठवू नका, आमच्याकडे धाकटीशी रिमोटवरून मारामारी अजून होते, फक्त आता मधेच थांबतो आणि काय घडलं ते सांगायला लागतो, धाकटीचा त्यामुळे आणखी संताप होतो.

पुढची बॅच मे महिन्यात आहे, आंब्याच्या गडबडीत बाई तारखा जरा मागेपुढे करतात म्हणून एप्रिलमध्येच फोन करा. मी धाकटीचं नाव घातलंय. ती आठ वर्षांची आहे, बारक्यांचा दोर वेगळा टाका म्हणून सरांना सांगितलंय, बघतो म्हणाले.